पुलाचे बोल्ट

तक्रार कोणी केली असेल याबद्दल सुमेधाला तिळमात्र शंका नव्हती. दिगंबरशिवाय दुसरं कोण?

शनिवारी सकाळी सगळे पार्कच्या फाटकापाशी जमले तेव्हा तिने त्याच्याकडे पाहिलंसुद्धा नाही. तो सगळ्यांना हातमोजे वाटत होता. तिने स्वतःचे घरून आणले होते.

हेमचंद्रकाका नेहमीप्रमाणे सर्वांच्या आधी हजर होते. वय अठ्ठ्याहत्तर, निवृत्त सिव्हिल इंजिनियर. सोळा वर्षांपूर्वी डब्लिनच्या या ओढ्याकाठी नुसतं रान माजलं होतं. काकांनी एकट्याने फावडं घेऊन सुरुवात केली. आज तिथे दोन मैलांची पायवाट आहे, चढावर लाकडी पायऱ्या आहेत, ओढ्यावर पूल आहे. डझनभर मराठी घरं दर शनिवारी तिथे कचरा उचलतात, माजलेली झुडपं उपटतात, ती केवळ काकांमुळे. असा माणूस लाखात एक, असं सुमेधा ज्याला त्याला सांगायची, आणि त्यात काही खोटं नव्हतं.

फक्त गेल्या वसंतापासून काकांचं काम चुकू लागलं होतं. पाणी वाटेबाहेर काढायचा चर ते वाटेकडेच उतरता खणत. पुलाच्या कठड्याचे बोल्ट दर महिन्याला आवळावे लागतात. काका निम्मेच आवळत आणि सगळे झाले म्हणून समाधानाने घरी जात.

पण त्यांना हे सांगणार कोण? ज्यांनी आपल्याला फावडं धरायला शिकवलं, त्यांना तोंडावर ‘तुमचं चुकलं’ म्हणायचं? सुमेधाने तोड काढली. रविवारी सकाळी ती आणि ग्रुपमधली तिची मैत्रीण चारुता पाना घेऊन गुपचूप यायच्या आणि सगळं नीट करून जायच्या. दिगंबर तेव्हा ग्रुपमध्ये नवीन होता. तो एकदा म्हणाला होता, “यार, आपण काकांना डायरेक्ट सांगत का नाही?” सुमेधाने त्याच्याकडे अशी नजर टाकली की तो विषय पुन्हा निघाला नाही.

आणि आता थेट पार्क खात्याकडे तक्रार. स्वयंसेवकांचं काम बघणाऱ्या केलीने ती फोनवर वाचून दाखवली होती. या गृहस्थांच्या हातून चुका होतात, इतर लोक त्या मागाहून लपूनछपून दुरुस्त करतात, एक दिवस पुलावरून कोणीतरी पडेल, तेव्हा त्यांना हे काम देणं थांबवा. तक्रारदाराचं नाव सांगता येणार नाही, असंही ती म्हणाली होती. शनिवारी ती स्वतः येऊन पाहणार होती आणि मगच ठरवणार होती.

घरातलं उणंदुणं असं चव्हाट्यावर मांडणाऱ्याचा सुमेधाला मनस्वी संताप आला. हे काम गेलं तर काका खचतील, हे तिला दिसत होतं. तिने कंबर कसली. शुक्रवारी दुपारी ऑफिसातून लवकर निघून, चारुताला बरोबर घेऊन तिने एकूण एक बोल्ट आवळला. चुकीचा चर बुजवून नवा खणला.

केली साडेआठला आली. पुलावरचा प्रत्येक बोल्ट तिने हाताने हलवून पाहिला. एकही हलला नाही.

“हे कोण आवळतं?” तिने विचारलं.

“मीच,” काका तिला इंग्रजीत म्हणाले. “पण हल्ली माझा मलाच भरवसा वाटत नाही. यांना विचारा.”

“काका ना, फार मॉडेस्ट आहेत,” चारुता हसून म्हणाली.

काका सुमेधाकडे वळले आणि मराठीत म्हणाले, “सुमेधा, अगदी खरं सांग हं. मी केलेलं काम तुम्हाला परत करावं लागतं का गं?”

दिगंबर काहीतरी बोलणार होता, पण सुमेधाने त्याला संधीच दिली नाही.

“काहीतरीच काय काका! कोणीतरी काहीतरी लिहितं आणि तुम्ही मनाला लावून घेता. तुम्ही आहात म्हणून हा पार्क आहे.”

“ते काय म्हणाले?” केलीने विचारलं. सुमेधाने प्रश्न आणि उत्तर दोन्ही इंग्रजीत सांगितली. शेवटचं वाक्य तिने ठासून सांगितलं, कारण ते तरी शंभर टक्के खरं होतं.

काका नुसतं “बरं” म्हणाले आणि कठड्याला धरून पलीकडे गेले.

केलीचं समाधान झालं. पगारी माणसंही इतकं चोख काम करत नाहीत, असं ती म्हणाली. पूल काकांकडेच राहील. शिवाय वरच्या अंगाला दरीवर नवा, उंच पूल होतो आहे, त्याचीही देखभाल त्यांच्याकडेच देऊ. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. चारुताने थालीपिठांचा डबा उघडला.

सुमेधा दिगंबरला बाजूला घेऊन म्हणाली, “नेक्स्ट सॅटर्डेपासून तू आला नाहीस तरी चालेल.”

“ताई, मी खरंच काही केलेलं नाही.”

“असू दे.”

ती केलीच्या गाडीपाशी गेली. तक्रारीत तथ्य नाही, अशी ग्रुपच्या वतीने सही करायची होती.

“बरं झालं तू स्पष्ट सांगितलंस,” केली म्हणाली. “उगाच काळजी करत होते ते. आता तक्रार बंदच होते आहे, तेव्हा तू पूर्ण वाचलीस तरी हरकत नाही.”

“कोण काळजी करत होतं?”

केलीने टॅबलेट तिच्या हातात दिला. फोनवर ऐकलेला मजकूर तसाच होता. त्याखाली न ऐकलेल्या दोन ओळी होत्या: “माझी माणसं माझा फार मान ठेवतात, म्हणून ती मला हे कधीच सांगणार नाहीत. कोणी पडण्याआधी कृपया तुम्ही मला थांबवा. आपला, हेमचंद्र.”