रिकामी बाटली

सुनेला दुसऱ्यांदा मूतखडा झाला तेव्हा डॉक्टर तेच म्हणाले, "दिवसभर भरपूर पाणी पीत जा." सासूबाईंना ते काही पटेना. सून कापडाच्या दुकानात कामाला. बाटली रोज त्या स्वतः काठोकाठ भरून देत, आणि संध्याकाळी ती उलटी करून बघत. एक थेंबही पडत नसे. मग खडा कसा? नक्की कुठेतरी पाणी मुरत होतं. एका दुपारी त्या न सांगता दुकानात गेल्या आणि गिऱ्हाइकांच्या घोळक्याआडून बघत राहिल्या. सुनेनं बाटली काढली आणि काउंटरशेजारच्या कुंडीत घळाघळा ओतली. सासूबाई तरातरा पुढे आल्या. "अगं, मी काय झाडासाठी भरून देते?" सून दचकली. "आई, पाणी पिऊन जाऊ कुठे? इथे बायकांना बाथरूमच नाहीये." सासूबाईंनी दुकानभर नजर फिरवली. प्रत्येक काउंटरमागे एक बाई उभी होती आणि शेजारी कुंडी होती. एकूणएक कुंडीतली माती ओली होती.