पत्र्याखालचं बाळ

“सव्वीस तास झालेत, ताई,” पत्र्यापलीकडून पहारेकरी लू म्हणाला. “चोवीसच चालतात.”

शेन यीलानने फोन पुन्हा पत्र्याच्या फटीला लावला. कोरोनाच्या चाचणीचा निकाल चांगला होता, पण काल सकाळी साडेसातचा होता. आजच्या चाचणीची रांग पावणेदहापर्यंत हललीच नव्हती. तिने नऊ महिन्यांच्या पोटाखाली हात धरला आणि मागे वळली.

“मग मी घरी जाते.”

दहा पावलांवर दुसरा पत्रा होता. तिथल्या पहारेकऱ्याने मान हलवली. “बाहेर पडायचा पास एकदाच चालतो. आत यायला वेगळा लागतो. तो ऑफिसातून आणा.”

“ऑफिस कुठे आहे?”

“आत.”

लिउयिन रस्त्याच्या पश्चिमेला एक विभाग, पूर्वेला दुसरा. बंदी लागून सव्वीस दिवस झाले होते. दोन्ही विभागांनी आपापल्या कडेला निळे पत्रे ठोकले होते आणि मधली पट्टी कुणाचीच उरली नव्हती. इस्पितळ पूर्वेला, दुसऱ्या वळणावर. पश्चिमेची अँब्युलन्स पूर्वेत येत नव्हती, पूर्वेची पश्चिमेत जात नव्हती. पास एकट्या यीलानचा होता. तिचा नवरा पश्चिमेच्या पत्र्यामागे उभा राहून तिला हाका मारत होता.

तेवढ्यात तिच्या पायांशी रस्ता ओला झाला. ती खाली बसली, मग आडवी झाली.

लूने फोन लावला. एका कचेरीने सांगितलं, सोडू नका. दुसरीने सांगितलं, आधी पहिलीला विचारा. तिसरीत कुणी उचललाच नाही. लू तेवीस वर्षांचा होता. बाल्कन्यांमध्ये माणसं जमली होती. दोन्ही बाजूंच्या सहा-सहा मजल्यांवरून लोक खाली बघत होते.

तेव्हा पूर्वेच्या चाचणीच्या रांगेकडून पांढऱ्या पोशाखातली एक बाई झपाझप चालत आली. साठीच्या आसपासची, ठेंगणी, रुंद खांद्यांची. वरून कुणीतरी ओरडलं, “डॉक्टरबाई आल्या!” लूने हायसं वाटून वाट दिली.

पूर्वेच्या पत्र्याचा एक खालचा कोपरा लोकांनी कधीचा वर वाकवला होता. तिथून पलीकडे अंडी जात, अलीकडे कोबी येत. ती बाई रस्त्यावर पालथी पडली आणि त्या कोपऱ्यातून तिने दोन्ही हात खांद्यांपर्यंत आत घातले.

“नाव काय तुझं?”

“यीलान.”

“यीलान, मी पान मावशी. पाय माझ्याकडे कर आणि सरक. आणखी सरक. इकडे तिकडे बघू नकोस, फक्त माझा आवाज ऐक.”

आवाज असा होता, की ऐकावाच लागे. यीलान कोपरांवर रेटत सरकली. पान मावशीने गळ्यातला पंचा काढून पत्र्याच्या धारदार कडेवर गुंडाळला. लूला म्हणाली, “तिकडे तोंड कर. आणि त्या फोनवाल्यांना सांग, माणसं पाठवा म्हणावं.” लूने तोंड फिरवलं. वरच्या बाल्कन्यांतल्या पुरुषांनीही एकेक करून पाठ केली. बायका तेवढ्या कठड्यांना घट्ट धरून उभ्या राहिल्या.

“आता जोर कर. थांब. श्वास घे. घे की गं! आता पुन्हा.”

पाऊण तास गेला. यीलान ओरडली की पश्चिमेच्या पत्र्यावर तिच्या नवऱ्याची मूठ आपटे. मग एकदा ती ओरडली आणि ओरडणं मध्येच तुटलं. पान मावशीचे हात हळूहळू, सेंटीमीटरभर सेंटीमीटरभर, मागे येऊ लागले. त्या हातांत जांभळट, निसरडी, मिटलेल्या डोळ्यांची एक मुलगी होती.

ती रडत नव्हती. मावशीने तिची पाठ चोळली. पुन्हा चोळली.

मग ती रडली.

बारा मजल्यांवर कुणी टाळी वाजवली नाही. कुणी हललंसुद्धा नाही. बाळ पूर्वेला होतं, आई मधल्या पट्टीत, आणि पत्र्याखालून गेलेली नाळ निळसर, ओली, अजून ठोके देत होती. लूने मान बाळाकडे वळवली होती, आणि त्याला ती परत फिरवता येईना. त्याने टोपी काढली. का काढली, ते त्याला कळलं नाही.

“डॉक्टर,” तो हलक्या आवाजात म्हणाला, “आता कापायची ना?”

“मी नाही कापणार.” पान मावशीने बाळाला पोशाखाच्या आत, छातीशी धरलं. “बाळ तुझ्या विभागात आलंय. आई आलेली नाही. दोघी अजून एकच आहेत. कोणत्या कागदात बसतं हे, दाखव मला.”

लूने फोनकडे पाहिलं. तो वाजत होता. त्याने तो खिशात टाकला, पत्र्यातल्या दाराच्या कडीवरचा शिक्क्याचा कागद फाडला आणि दार सताड उघडलं. दहा पावलांवरच्या पहारेकऱ्याने ते पाहिलं. तोही बाजूला झाला, आणि यीलानचा नवरा धावत सुटला.

इस्पितळातून स्ट्रेचर आलं तेव्हा नाळ अखंडच होती. ती तिथेच, दारात कापली गेली. तासाभराने इस्पितळात प्रसूतीच्या डॉक्टरीण बाहेर आल्या. पान मावशी बाकावर बसली होती.

“दोघी उत्तम आहेत,” डॉक्टरीण म्हणाल्या. “नाळ कापायची घाई केली नाहीत, शहाणपण केलंत. किती वर्षं बाळंतपणं करताय?”

“मी?” पान मावशीने हात मांड्यांखाली दाबून धरले. “मी तीस वर्षं बसवर कंडक्टर होते, बाई. हा पोशाख रांग सांभाळणाऱ्यांनाही देतात. बाळ जन्मताना आज पहिल्यांदा पाहिलं. नाळ कापतात कशी, तेच मला ठाऊक नव्हतं.”