साखरेचे वजन

बॅटरीवर चालणाऱ्या नव्या ट्रकमधून पंधरा टन साखर घेऊन फोंडा घाट उतरत असताना सर्जेराव मगदूम यांना पायथ्याच्या आरोग्य केंद्रातील परिचारिका सुलभाताईंचा फोन आला.

"मामा, वादळानं तारा तुटल्यात. काचेच्या पेटीत दोन दिवसांचं बाळ आहे आणि आमची बॅटरी अर्धाच तास टिकेल. तुमच्या ट्रकमधली वीज मिळेल ना?"

"उतारावर भरतीयच की बॅटरी! आलोच बघा."

एवढे बोलून त्यांनी बॅटरीच्या काट्याकडे दृष्टी टाकली. काटा तळाशीच होता. जुन्या ट्रकचे डिझेल वाचविण्यासाठी तीस वर्षे उतारावर गाडी न्यूट्रल करणाऱ्या हाताने आजही नकळत तेच केले होते. चाके मोकळी धावत होती आणि वीज तयारच होत नव्हती.

त्यांनी तत्क्षणी गाडी गिअरमध्ये घेतली. कोणी मागून ओढून धरावे तसा ट्रक संथ झाला. ज्या ओझ्याला त्यांनी जन्मभर शिव्या दिल्या, तेच ओझे आता वळणावळणाला वीज होऊन साठू लागले. धन्य ते यंत्र!

केंद्रात पोहोचून त्यांनी केबल जोडली तेव्हा पेटीचा दिवा मिणमिणत होता. तो लख्ख झाला.

"वाटेत चहाला थांबलात की काय?" सुलभाताईंनी टोमणा मारला.

"हाताची जुनी खोड, बाई," सर्जेराव खाली मान घालून म्हणाले.

तारा जोडायला अजून दोन दिवस होते, म्हणून केंद्राची बॅटरी भरून सर्जेराव पुन्हा साखर आणायला घाट चढले. दुसऱ्या खेपेला गोदामातल्या हमालाने हसत विचारले, "मामा, पोती कमी भरू? रोज कुरकुर असते तुमची."

"पुरी भर," सर्जेराव म्हणाले, "खाली लेकरू हाय."