ठिकाणाचा रकाना

ती गेल्याचं डॉक्टरांनी सांगितलं, तेव्हा माझ्या खिशात एक अमोनाइट होता. गोगलगायीसारखा वळलेला, दगड झालेला समुद्रातला जुना जीव. ती शुद्धीवर आली की विचारणार होतो, हा आपल्याला कुठे सापडला.

असे दगड गोळा करताना आमची कामं वाटलेली होती. दगडावरच्या बरगड्या मोजायच्या, त्यांना फाटे कुठे फुटतात ते भिंगातून बघायचं आणि नाव ठरवायचं, हे माझं. कुठला दगड कुठे सापडला, हे तिच्या लक्षात.

"अहो, लिहून ठेवा की. मी काय तुमची वही आहे?" ती म्हणायची.

"वही कुठे उलटून बोलते?" मी म्हणायचो.

परवा मुलीने संग्रहालयातल्या बाईंना घरी आणलं. आईच्या नावाने संग्रह तिथे राहावा, अशी मुलीची इच्छा. माझीही. बाईंनी खोकी उघडून एकेक दगड पाहिला.

"काका, नावं अगदी बरोबर आहेत. पण ठिकाण एकाचंही लिहिलेलं नाही. त्याशिवाय आम्हाला घेता येत नाहीत."

"बाबा, थोडी तरी आठवत असतील ना?" मुलीने विचारलं.

आठवत होती. सोळा दगडांची तर पक्की आठवत होती. तरी दर वेळी तिलाच विचारायचो. विचारलं की ती हातातलं काम टाकून शेजारी येऊन बसायची आणि त्या दिवसाचं सगळं सांगायची.

त्या सोळा दगडांच्या ठिकाणाच्या चिठ्ठ्या काल लिहिल्या. एकशे बारा राहिल्या आहेत.