मातीचं पांघरूण

सकाळी उघडी ठेवलेली रोपांची तोंडं दुपारपर्यंत पुन्हा मातीखाली गेली होती. रोपवाली रिकामी टोपली हातात धरून वाफ्याशी तशीच उभी राहिली. कालही असंच झालं होतं, परवाही. प्रत्येक रोपावर मातीचा छोटा उंचवटा, आणि त्यावर पंजाने थोपटल्याची खूण. वाऱ्याने उडवलेल्या मातीवर काही बोटं उमटत नाहीत.

घरामागच्या शेडमध्ये तिने जरबेराचा जुना गड्डा फोडून लावला होता. फुलाचा रंग काळपट तांबडा, दुसऱ्या कुणाकडे नसलेला. बी पेरून तो हाती लागत नाही. भलतेच रंग निघतात. तोच हवा तर जुनं झाड उकरायचं, मुळं मोकळी करायची आणि एकेक फुटवा मुळासकट वेगळा लावायचा. पथ्य एकच. जिथून पानं फुटतात ते तोंड मातीच्या वर राहिलं पाहिजे. ते बुजलं की रोप आतून कुजतं, आणि मग देव आला तरी ते वाचत नाही.

रोपं गेली असती तर ती रडली असती आणि पुन्हा कामाला लागली असती. खरी भीती वेगळीच होती. रोज सकाळी ती फुलं पोचवायला बाजारात जायची, तेव्हा घरात फक्त सासूबाई आणि पाळण्यातली ठकी. शेडला वाट एकच, तीही घरातून. म्हणजे जे कुणी वाफ्यापर्यंत येत होतं, ते तिच्या लेकीच्या पाळण्यावरून येत होतं.

नवरा ट्रकवर; घरी उगवायचा अमावास्या-पौर्णिमेला. फोनवर तो हसला. "मांजर असेल गं."

"मांजर थोपटतं होय?"

"मग तूच केलं असशील आणि विसरली असशील. आमच्याकडे विसरणं सासूकडून सुनेकडे येतं."

एरवी तिने त्याला चांगलं सुनावलं असतं. आज तिने नुसता फोन ठेवला.

दुसऱ्या दिवशी ती टोपली घेऊन निघाली आणि गल्लीच्या कोपऱ्यावरूनच परतली. चपला हातात घेऊन शेडच्या दाराशी आली. आत सासूबाई वाफ्यात उकिडव्या बसल्या होत्या. ओंजळीने माती घ्यायच्या, रोपावर सोडायच्या, थोपटायच्या, पुढच्या रोपाकडे सरकायच्या. आणि अगदी हळू आवाजात प्रत्येकाला काहीतरी सांगत होत्या.

"आई! काय करताय हे?"

सासूबाई दचकल्यासुद्धा नाहीत. "थंडी वाजते गं यांना. उघडीच टाकून जातेस तू."

रोपवालीचा राग तिथेच विरला. सासूबाईंचं पहिलं बाळ थंडीने गेलं होतं. त्यांचा डोळा लागला होता आणि दुपटं सरकलं होतं, असं त्या सांगायच्या. तेव्हापासून त्यांना उघडं काही बघवत नसे. अलीकडे तर सकाळ-संध्याकाळचाही मेळ राहिला नव्हता. पाण्याच्या भांड्यावर पदर टाकत, जळत्या दिव्यावर ताट झाकत.

ती त्यांच्या शेजारी बसली. त्यांचा गार हात धरून तिने एका रोपावरची माती बाजूला केली. "पांघरूण घाला, माझी ना नाही. पण गळ्यापर्यंतच. बाळाच्या तोंडावर दुपटं ओढतो का आपण? गुदमरतं ना ते?"

सासूबाईंचा चेहरा पांढराफटक पडला. जणू एवढ्या वर्षांनी कुणीतरी त्यांना त्यांची चूक दाखवली होती. "तोंड मोकळं ठेवायचं," त्या पुटपुटल्या. "तोंड मोकळं ठेवायचं." मग त्यांनी एकेक रोप स्वतःच उघडं केलं.

रोपवालीला बरं वाटलं. ठकीला यांच्यापाशी ठेवावं की नाही, हा प्रश्न तिने मनात उलटसुलट केला, आणि ठेवायचं ठरवलं. दुसरं होतं तरी कोण? आणि समजावलं की कळतं त्यांना, अजून कळतं, हे तर तिने डोळ्यांनी पाहिलं होतं.

दुसऱ्या दिवशी हवा गारठलेली होती. बाजारातून येताना तिने जवळजवळ धावतच रस्ता कापला. पाळण्यात दुपट्यांचा ढीग दिसला, त्यात ठकी निजली असेल असं धरून ती न थांबता थेट शेडमध्ये गेली. रोपांची रांग बघून तिचा जीव भांड्यात पडला. माती गळ्यापर्यंत नीट सारखी केलेली, आणि प्रत्येक तोंड मोकळं. शिकवलेलं हुबेहूब उतरलं होतं. सासूबाई पलीकडच्या टोकाला बसल्या होत्या, हात कोपरापर्यंत मातीने माखलेले.

"शाबास, आई," ती म्हणाली. "ठकी झोपली का?"

सासूबाईंनी ओठांवर बोट ठेवलं.

तेव्हा तिच्या लक्षात आलं की रांग कालच्यापेक्षा लांब आहे. शेवटच्या रोपापुढे, तेवढंच अंतर सोडून, माती पुन्हा उंच झाली होती. माती जिथे संपत होती तिथे ठकीचा चेहरा होता. डोळे मिटलेले, गाल पदराने पुसून स्वच्छ केलेले.

टोपली कधी पडली ते तिला कळलं नाही. गुडघे टेकून ती दोन्ही हातांनी माती ओढायला लागली, आणि बोटांखाली ती माती हलली. किंचित वर आली, खाली गेली, पुन्हा वर आली.

"अगं हळू, उठेल ना ती," सासूबाई म्हणाल्या. "सारखं दुपटं लाथाडत होती, म्हणून इथे निजवली. तोंड मोकळं ठेवलंय बघ. काल तू सांगितलंस म्हणून, नाहीतर मी झाकणारच होते."