चार जीबीला अडलेली लेक

लेक पहिल्यांदा चालली तो व्हिडिओ जहाजावरच्या नवऱ्याला पाठवायचा होता. पेनड्राइव्ह घेऊन जाणारा त्याचा सहकारी दारात ताटकळत होता आणि माझ्या लिनक्सच्या लॅपटॉपवरून कॉपी दर वेळी चार जीबीवरच अडत होती. जागा तर भरपूर! चौथ्यांदा डोकं आपटल्यावर कळलं, त्या पेनड्राइव्हच्या जुन्या फॉरमॅटला याहून मोठी फाईल चालतच नाही. शेवटी वैतागून व्हिडिओचे दोन तुकडे केले.

"वहिनी, ती चाललीये सात सेकंद," शेजारी बसून बघणारा माझा दीर म्हणाला. "तेवढंच कापून पाठवायचं होतंस. बाकी पन्नास मिनिटं नुसती तूच 'ये गं, ये गं' करतेयस."

मी कपाळावर हात मारला. दोन्ही तुकडे घेऊन सहकारी तर निघूनही गेला होता.

&nbsp;

पंधरवड्याने नवऱ्याचा फोन आला, "लेकीची पावलं सगळ्यांना दाखवली. ती पन्नास मिनिटं मात्र एकटाच ऐकतो."