लाजरी

एकेकाळी सारंगखेड्याच्या यात्रेत घोडी पळवणारे भिकनआप्पा गुडघे धरल्यापासून मोबाइलवरच्या शर्यतीत घोडी पळवायचे. ती पहिली कधी आली नाही, पण शेवटचीही नाही. शेवटची यायची ती कुणाची तरी 'लाजरी'.

"कोन शे हाऊ येडा? घोडीबी पळावता येस नही!" आप्पा पोट धरून हसायचे. बायको, दगूबाई, तुरीच्या शेंगा सोलत ऐकायची.

एका फोनवरून एकच घोडी, असा गेमचा नियम. आप्पांना मात्र दुसरीही उतरवायची होती.

"तुन्हा फोन दे ना वं जरासा."

"नही."

आप्पांनी तो उचललाच आणि गेम उघडला. पडद्यावर अक्षरं आली : 'या फोनवरून लाजरी आधीच शर्यतीत आहे.'



"मी लगाम सोडसच नही," शेंगांवरची नजर न काढता दगूबाई म्हणाली. "तुमना मांगे कोनीतरी ऱ्हावाले जोयजे ना?"

त्या संध्याकाळी बाकीच्या घोड्या केव्हाच पोचल्या, तरी शर्यत संपेना. शेवटच्या रेषेच्या अलीकडे दोन घोड्या शेजारी शेजारी उभ्याच होत्या.